कराडात खोली बघताना

प्रवेशाच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या पुतणीचा, कुणाच्या मेहुण्याच्या पोराचा कराडला नंबर लागलेला असतो आणि "तू तिथंच शिकलीस ना, एखादी खोली बघ की" असा निरोप येतो. माझं इंजिनिअरिंग कराडात झालं, पुढं धाकटी बहीण तिथंच फार्मसीला होती. त्यामुळं विद्यानगरातल्या खोल्यांशी आमच्या घराचा संबंध बरीच वर्षं राहिला. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं. लिहिलंय कराडबद्दल, पण लोणेरे, वारणानगर, प्रवरानगर अशा कुठल्याही कॉलेजच्या गावी निघालेल्यांना यातलं बरंचसं चालेल.

1. आधी नदी ओलांडायची की नाही ते ठरवा.

कराडच्या पश्चिमेला कोयना, पूर्वेला कृष्णा. मधल्या भागात जुनं गाव, पेठा, बाजार आणि एसटी स्टँड. कृष्णेचा पूल ओलांडला की विद्यानगर. हद्द सैदापूरची, पण सैदापूर कुणी म्हणत नाही. 1960 साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, फार्मसी, गाडगे महाराज कॉलेज, सायन्स कॉलेज हे सगळं याच बाजूला. त्याच रस्त्यानं विट्याच्या दिशेला पुढं गेलं की ओगलेवाडी, आणि कराडचं रेल्वे स्टेशन तिथं आहे. उलट दिशेला महामार्गावर कोल्हापूर नाका आणि मलकापूर, तिथं मेडिकलची मुलं.

गावात खोली थोडी स्वस्त मिळते, बाजार जवळ पडतो, घरं मोठी आणि जुनी असतात. पण रोज पूल ओलांडायचा. विद्यानगरात चार पैसे जास्त जातात आणि सकाळी पहिल्या तासाला पायी पोचता येतं. पहिलं वर्ष विद्यानगरात काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाव कळलं, मित्र-मैत्रिणी झाल्या की दुसऱ्या वर्षी हवं तिकडं जा. मेडिकलवाल्यांनी विद्यानगरच्या फंदात पडू नये. रोज अख्खं गाव पार करून जावं लागतं आणि ड्युट्या सुरू झाल्या की ते झेपत नाही.

2. खोली संध्याकाळी सातनंतर बघायला जा.

दुपारी बाराला बघितलेली प्रत्येक खोली चांगली दिसते. घरमालक जेवून निवांत असतात, रस्त्यावर पोरांची ये-जा असते, नळाला पाणी आहे का हे बघायचं कुणाला सुचत नाही. तीच गल्ली सातनंतर चालून बघावी. दिवे आहेत का, कुत्री किती आहेत, मुख्य रस्त्यापासून आत किती चालावं लागतं, कोपऱ्यावरचं दुकान कितीपर्यंत उघडं असतं, हे सगळं तेव्हा कळतं. मुलींच्या बाबतीत तर मी हे सोडून दुसरं काही बघत नाही. आतलं कपाट मोडकं असलं तर चालतं, गल्ली अंधारी असली तर चालत नाही.

आणि वेळ असेल तर पाऊस पडत असताना जा. प्रवेशाचा मोसम हाच पावसाचा मोसम असल्यानं तशी संधी मिळतेच. कॉटच्या मागची भिंत हातानं दाबून बघा. नवीन चुना मारलेला असेल तर जास्तच बारकाईनं बघा.

3. 2019 चं पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे किराणा दुकानदाराला विचारा.

घरमालकाला विचारू नका, तो "इथं कधीच येत नाही" म्हणेल. वर कोयना धरणात 105 टीएमसी पाणी मावतं. ते भरत आलं आणि पाऊस थांबला नाही की विसर्ग वाढवतात आणि कराडच्या सखल भागांत पाणी शिरतं. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी लोकांनी घरं सोडली होती. दुकानदाराला पोती हलवावी लागलेली असतात, त्यामुळं तो बोट दाखवून सांगतो, "त्या पायरीपर्यंत." तळमजल्यावरची खोली त्या पायरीच्या खाली असेल तर भाडं कितीही कमी असो, पुढं चला.

4. भाडं एकटं कधी येत नाही.

कराडात मुलांना खोल्या बहुतेक कॉट बेसिसवर मिळतात. एका खोलीत तीन किंवा चार कॉट, दर माणशी भाडं, एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट. आकडा ऐकून बापलोक खूश होतात आणि पैसे मोजायला घेतात. थांबा. लाइटबिल त्यात आहे का? नसेल तर सबमीटर आहे का, आणि युनिटला काय लावणार? महावितरणचा घरगुती दर पहिल्या शंभर युनिटांपर्यंत कमी असतो, शंभरच्या पुढं जवळजवळ दुप्पट होतो. चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळे मिळून शंभर कधीच ओलांडतात आणि महिनाभर घरी गेलेल्या पोरीच्या वाट्यालाही तोच दर येतो. सबमीटर असेल तर राहायला गेल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून घ्यायचा.

पाण्याचंही तसंच. "चोवीस तास पाणी" याचा अर्थ टाकीत असेपर्यंत पाणी. नळ कितीला येतो, टाकी कोण भरतं, मोटर चालू करायचा अधिकार कुणाचा, हे विचारून घ्या. मोटरच्या बटणावरून झालेली भांडणं मी अभ्यासाच्या भांडणांपेक्षा जास्त बघितली आहेत.

सुट्टीचं भाडं हा तिसरा मुद्दा. उन्हाळ्यात परीक्षा झाली की खोल्या ओस पडतात. काही मालक त्या महिन्यांचं निम्मं भाडं घेतात, काही पूर्ण घेतात, काही म्हणतात सामान काढा आणि जूनला पुन्हा बघू. ठरवायचं ते आधी, ऑगस्टात. मे महिन्यात ठरवायला गेलं की मालकाचंच चालतं.

5. "आडनाव काय?"

हा प्रश्न येणार. आधी "कुठल्या गावची गं तू?" मग "वडील काय करतात?" मग आडनाव. कधी ते सरळ विचारतात, कधी "आमच्यात नॉनव्हेज चालत नाही" या वाटेनं येतात. ज्यांना हा प्रश्न फक्त ओळखीसाठी वाटतो, त्यांच्या आडनावाला तो अडत नाही, एवढंच.

माझ्याबरोबर पहिल्या वर्षी एक मैत्रीण खोली शोधत होती. एका घरी काकूंनी चहा केला, खोली दाखवली, गॅलरीत कपडे कुठं वाळत घालायचे तेही सांगितलं. आडनाव ऐकल्यावर म्हणाल्या, "बाई, आमच्या भाच्याला पण हवी होती, त्याला विचारून सांगते." त्या खोलीच्या दाराला पुढचे दोन महिने कुलूप होतं. मी येता-जाता ते बघत होते. मैत्रिणीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, "तू नवीन आहेस, मी नाही."

तिला शेवटी खोली मिळाली ती तिच्याच जिल्ह्यातल्या एका सीनियर मुलीमुळं. म्हणून सांगते, अशा वेळी एजंटाकडं जाण्याआधी सीनियर गाठा. कुठल्या घरात खरंच काही विचारत नाहीत, हे त्यांना पाठ असतं. शासकीय वसतिगृहाचा अर्ज पहिल्या आठवड्यात भरा. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना तिथं जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. जेवण, राहणं आणि इतर खर्चाची रक्कम थेट मुलाच्या खात्यात येते. बरीच मुलं केवळ कागद नाहीत म्हणून मुकतात, आणि त्यातला हमखास नसणारा कागद म्हणजे भाडेकरार.

6. कागद करा.

गावात कागद मागितला की मालकाला अपमान वाटतो. "आमच्यावर विश्वास नाही व्हय?" त्यावर माझ्या वडिलांचं ठरलेलं उत्तर होतं, "विश्वास आहे की, पोलिसांत माहिती द्यायची असती म्हणून." त्यात खोटं काही नव्हतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडं द्यावी लागते आणि ती आता ऑनलाइनही देता येते. कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. भाड्याची पावती देणंही त्याच कायद्यानं मालकाला बंधनकारक आहे. प्रत्यक्षात कॉट बेसिसच्या खोलीला नोंदणीकृत करार क्वचित होतो, हे मलाही माहीत आहे. निदान वहीच्या पानावर तरी लिहून घ्या. डिपॉझिट किती, परत कधी, खोली सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, खाली दोघांच्या सह्या. भाडं यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात महिना लिहा.

बहिणीच्या वेळी एका मालकानं डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले. का, तर भिंतीला खिळे होते. ते खिळे आम्ही जायच्या आधीपासून होते, एकावर तर गेल्या भाडेकरणीचं कॅलेंडरसुद्धा लटकत होतं. राहायला गेल्या दिवशी बहिणीनं खोलीचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. ते पुन्हा पाठवले. उत्तर आलं नाही, पैसे मात्र आले.

7. मेस बुधवारी रात्री जेवून बघा.

रविवारी दुपारी सगळ्याच मेस चांगल्या असतात. जिलेबी असते, मसालेभात असतो. खरी परीक्षा आठवड्याच्या मधल्या रात्री, शेवटच्या पंगतीला. त्या वेळी आमटीत डाळ किती राहिली आहे ते बघा. भाकरी मिळते का विचारा. या भागात ज्वारीची भाकरी न देणाऱ्या मेसवर मी विश्वास ठेवत नाही.

मेस लावताना पहिला प्रश्न खाड्याचा. नवख्या पोरांना हे माहीत नसतं. तुम्ही घरी गेलात तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात की नाही, किती दिवस सलग नसाल तर होतात, आणि आदल्या दिवशी कितीपर्यंत सांगायचं, हे प्रत्येक मेसचं वेगळं. काही ठिकाणी सलग तीन दिवस नसलात तरच खाडा धरतात, म्हणजे शनिवार-रविवार घरी गेलात तर तो तुमच्या खिशातून.

आमच्या मेसवाल्या मावशींच्या स्वयंपाकघरात दाराच्या आतल्या बाजूला मोठं कॅलेंडर होतं. त्याच्या चौकटींत वरच्या कोपऱ्यात दुधाचं माप, खालच्या कोपऱ्यात पोरींच्या नावांची पहिली अक्षरं. ज्या दिवशी अक्षर त्या दिवशी खाडा. दोन "स" होत्या म्हणून एकीला त्यांनी "सं" केलं होतं. महिनाअखेर पेन्सिल कानामागं अडकवून त्या चौकटी मोजायच्या आणि हिशेबात आठ आण्याचीही चूक नसायची. पुढं मेसची ॲपं आली, बहिणीच्या मेसमध्ये क्यूआर कोड होता. तिथं खाड्यावरून दर महिन्याला वाद व्हायचा.

रविवारी संध्याकाळी मेस बंद. हे सगळीकडं. त्या रात्रीची सोय आपापली करायची.

8. सीट की स्पेशल?

कराडच्या रिक्षात बसण्याआधी हे विचारलं जातं, आणि उत्तर माहीत नसलेला माणूस बाहेरगावचा ठरतो. सीट म्हणजे इतरांबरोबर ठरावीक पैशात. स्पेशल म्हणजे रिक्षा तुमची आणि भाडं रिक्षावाला सांगेल ते, थोडी घासाघीस. मीटर विसरा. ओगलेवाडी, मसूर अशा बाजूंना वडाप, म्हणजे सीटवर माणसं भरणारी खाजगी गाडी, चालतं. ते भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंधार पडला की मिळायची खात्री नाही. पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं तर बसावं, मागं गुडघे पोटात घेऊन बसावं लागतं.

बाहेरून येताना कुठं उतरायचं हे कळलं की निम्मे पैसे वाचतात. आम्ही सांगोल्याकडचे. पंढरपूर-विट्याकडून येणारी एसटी ओगलेवाडीवरून विद्यानगरातूनच आत येते. पहिल्या वेळी बहुतेक मुलं स्टँडपर्यंत जातात आणि रिक्षा करून पूल ओलांडून परत मागं येतात. कंडक्टरला सांगून कृष्णा कॅनॉलला उतरा. पुणे किंवा कोल्हापूरकडून येत असाल तर गाडी स्टँडवर जाणार की कोल्हापूर नाक्यावर महामार्गालाच सोडणार, हे चढतानाच विचारा. खाजगी गाड्या आत येत नाहीत. रात्री अकराला महामार्गाच्या कडेला ट्रंक घेऊन उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

रेल्वेचं मात्र वेगळं. स्टेशनचं नाव कराड, पण उतरता ओगलेवाडीत. (ज्यांच्या घरी प्रभाकर कंदील होता त्यांच्यासाठी, हीच ती ओगल्यांच्या काच कारखान्याची ओगलेवाडी.) मुंबईहून येणारी कोयना एक्स्प्रेस दिवसा पोचते, ती सोयीची. महालक्ष्मी पहाटेच्या अंधारात येते. उजाडेपर्यंत स्टेशनातच बसा, किंवा ओळखीच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर ठेवा. असा एक नंबर विद्यानगरातल्या प्रत्येक मुलींच्या खोलीत असतो, आधीच्या बॅचकडून पुढच्या बॅचला मिळत आलेला.

9. प्रत्येकाला खोली लागतेच असं नाही.

उंब्रज, मसूर, पाटण इथल्या मुलांनी आधी अपडाऊनचा हिशेब करावा. विद्यार्थ्यांच्या एसटी पासाला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाचा साधारण तिसरा हिस्सा भरायचा. 2023 च्या मार्चपासून बायका-मुलींना एसटीत सगळीकडं निम्मं तिकीट झालंय, पण रोजच्या जाण्यायेण्याला पासच स्वस्त पडतो. निम्म्या तिकिटाचा फायदा आमच्यासारख्या लांबच्या मुलींना. बहीण शेवटच्या वर्षाला तर दर पंधरवड्याला घरी यायला लागली. अपडाऊनला दोनच अडचणी. सकाळच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते आणि प्रॅक्टिकल लांबलं तर परतीची गाडी चुकते. दुसऱ्या अडचणीसाठी कराडात एक तरी मैत्रीण अशी हवी, जिच्या कॉटवर रात्र काढता येईल.

10. पोराला लगेच गाडी घेऊन देऊ नका.

कराडला स्वतःचा एमएच 50 नंबर मिळाल्याचं तिथल्या लोकांना भारी कौतुक आहे आणि कॉलेजच्या गेटसमोर त्या नंबरच्या गाड्यांची रांग असते. बाहेरगावच्या पोरालाही मग गाडी हवी होते. विद्यानगरात राहायचं तर पायांनी भागतं, फार तर जुनी सायकल. खरा धोका दिवाळीच्या आसपास उसाचा हंगाम सुरू झाल्यावर असतो. रात्री दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ड्रायव्हरच्या टेपचा आवाज एवढा मोठा की हॉर्न ऐकूच जात नाही. अशा ट्रॉलीवर मागून आदळलेल्या पोरांच्या बातम्या दर हंगामात येतात. गाडी द्यायचीच असेल तर हेल्मेटसकट द्या आणि चहा प्यायला रात्री महामार्गावर जाणं बंद करा. महामार्गावरच्या चहाची चव गावातल्यापेक्षा चांगली नसते, हे मी खात्रीनं सांगते.

11. वेळेचं आधीच बोलून घ्या.

मुलींच्या खोल्यांना "सातच्या आत" हा नियम सर्रास असतो. कॉलेजची लायब्ररी, प्रोजेक्ट, गॅदरिंगची तालीम यातलं काहीच सातच्या आत संपत नाही. हा नियम मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही, कारण मुलांना तो कुणी लावत नाही. पण पहिल्याच दिवशी वाद घालून खोली मिळत नाही. आमच्या दुसऱ्या घरच्या काकूंना आम्ही आठवड्याचं वेळापत्रकच लिहून दिलं, कुठल्या दिवशी प्रॅक्टिकल, कुठल्या दिवशी उशीर. त्यांनी ते फ्रिजवर लावलं. पुढं एखाद्या दिवशी लवकर आलो की त्या विचारायच्या, "आज तर प्रॅक्टिकल हुतं ना गं?"

12. चांगली खोली पाटीवर दिसत नाही.

"रूम भाड्याने देणे आहे" ही पाटी महिनोन्महिने ज्या घरावर असते तिथं काहीतरी कारण असतं. चांगल्या खोल्या एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडं तोंडी जातात. एजंट पाटीवाल्याच खोल्या दाखवून एका महिन्याचं भाडं घेतो. म्हणून माझी विनंती शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना आहे. मे महिन्यात खोली सोडणार असाल तर मालकाला एप्रिलमध्येच सांगा, आणि किल्ली परत देण्याआधी तुमच्या जिल्ह्यातल्या, पहिल्या वर्षाला येणाऱ्या कुणाला तरी ती खोली सांगून जा. मेसवाल्या मावशींचा आणि रिक्षावाल्या काकांचा नंबरही द्या.